तिघांची दोन तिकिटं

येवल्याला निघाले आहे असं दिल्लीत कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न पैठणीचा येतो. तिथे स्वस्त पडते का, माझ्यासाठी एक बघशील का. मी पानिपतच्या चादरी आणि पडदे विकून इथे दुकान उभं केलं आहे, तेव्हा कापडाचा भाव मला विचारण्यात लोकांचं काही चुकत नाही. पण येवला माझं माहेर आहे आणि तिथे मी पैठणी घ्यायला जात नाही. या मे महिन्यात गेले ती कुरडया करायला. जाताना एका विमान कंपनीशी माझं जे वाकडं आलं ते अजून सरळ झालेलं नाही, आणि माझ्याकडून ते होणारही नाही.

सुरुवात आईच्या फोनपासून झाली. माझी मोठी बहीण मंगलताई नाशिकला असते. दर उन्हाळ्यात ती येवल्याला जाऊन आईबरोबर कुरडया घालते. यंदा तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आई फोनवर म्हणाली, "मंगल येत नाही. मुक्ताला सुट्टी लागली की तू ये. चीक तू हाट. आणि हे शेवटचं बरं का, माझ्या खांद्यानं आता होत नाही. पुढल्या वर्षीपासून विकतच्या आणू."

ज्यांच्या घरी कुरडया होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून त्याचा पांढरा चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे उकळत्या पाण्यात घालून हाटायचा, म्हणजे लाकडी दांड्यानं घोटत शिजवायचा. गाठ एकही होता कामा नये. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर एकेक कुरडई पाडायची. एकदा गहू पाण्यात पडले की पुढचं सगळं ठरलेलं. चीक कुणासाठी थांबत नाही, आंबतो.

आमच्या घरी या कामाची वाटणी माझ्या लहानपणीच झाली होती आणि ती मला कधीच पटली नाही. मंगलताई चुलीजवळ आणि मी बाजारात. सोऱ्या तिच्या हातात, पिशवी माझ्या. सकाळी ऊन तापायच्या आत आई मला हिंग, पापडखार, मीठ आणायला पिटाळायची. मी परत येईपर्यंत गच्ची भरलेली असायची आणि पातेल्याच्या तळाशी उरलेला चीक ताई तुपासाखरेबरोबर खात बसलेली असायची. थोडा माझ्यासाठी ठेवलेला असे, पण गार. मी कितीदा तरी म्हटलं, मला एकदा हाटू दे. आई म्हणायची, पुढच्या वर्षी. मग माझं लग्न झालं, सुधीरला केंद्र सरकारात नोकरी लागली, आम्ही दिल्लीला आलो आणि पुढचं वर्ष राहूनच गेलं.

म्हणून आईचा तो फोन आला तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडून मी मुक्ताच्या शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक उघडून बसले.

लक्ष्मीबाई नगर

भाव कसा करायचा हे मी आईकडून शिकले. येवल्याच्या आठवडे बाजारात ती भाजीवाल्याला आपला आकडा सांगायची, तो मान हलवायचा, आणि मग ती पाठ फिरवायची. एवढंच. फणकारा नाही, काही नाही. पदर सावरत हळूहळू चालायला लागायची आणि मी तिच्यामागून. मागून हाक येईपर्यंत वळून बघायचं नाही, ही तिची सक्त ताकीद. हाक यायचीच. "ओ मावशी, या." त्या हाकेचा जो आनंद व्हायचा तो पुढे मोठमोठ्या ऑर्डरी मिळाल्या तेव्हासुद्धा झाला नाही. पहिल्यांदा पानिपतला गेले तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांसमोर हीच युक्ती चालवली. पहाटेच्या गाडीनं जायचं, गठ्ठा खांद्यावर टाकून दुपारी परत यायचं आणि संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांमधून दारोदार चादरी दाखवायच्या, असे ते दिवस होते. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच काही आठवतं. मला लाला लोकांची हाक आठवते, "बहनजी, सुनिए तो."

विमानाच्या तिकिटाला पाठ दाखवून बघा. संध्याकाळी जो भाव दिसला तो सकाळी वाढलेला. पुन्हा पाठ फिरवली, आणखी वाढला. हाक मारणारं तिथे कुणी नाही. सुट्टी लागली की आईबाप मुलांना घेऊन कुठेतरी जाणारच हे यांना पक्कं माहीत असतं, आणि शाळांच्या तारखा तर आमच्याआधी यांनाच कळत असाव्यात. शिर्डीचं विमान त्यात आणखी महाग, कारण सुट्टीत दर्शनालाही गर्दी. येवल्याला तेच जवळ. सुधीरची सरकारी प्रवास सवलत गेल्या वर्षीच वापरून झाली होती.

मी काही दिवस त्या फोनमध्ये डोकं घालून काढले आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिघांचं तिकीट एकदम मागितलं तर तिघांनाही चढा भाव लावतात. दोघांचं मागितलं तर खालचा. म्हणजे खालच्या भावाच्या दोनच जागा शिल्लक होत्या, आणि तिसरी हवी म्हटलं की तिच्यापायी पहिल्या दोन्हीही महाग व्हायच्या. ठोक बाजारात कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या दारात उभी राहून भांडले असते. इथे मी गुपचूप दोन जागा खालच्या भावात उचलल्या, सुधीर आणि मुक्ताच्या नावाने. मग वेगळं तिकीट काढून तिसरी माझ्यासाठी चढ्या भावात घेतली. तिघंही एकाच विमानात.

सुधीर नाकावर चष्मा ओढून म्हणाला, "एकत्र काढलं असतं तर बरं झालं असतं. काही झालं तर बरोबर असतो."

मी म्हटलं, "होणार काय आहे? विमान तर एकच आहे."

त्या संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. कसे पैसे वाचवले, कसं त्यांना त्यांच्याच सापळ्यात पकडलं. एरवी अशा गोष्टींवर आई हसते. या वेळी तिनं फक्त विचारलं, "म्हणजे माणसं तीन आणि तिकिटं दोन?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि मंगलताईच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागली.

निघण्याच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला, गहू भिजत घातलेत म्हणून.

विमानतळ

सामान देण्याच्या रांगेत आम्ही उभे होतो आणि तिघांचे फोन पाठोपाठ वाजले. विमान रद्द. कारणाच्या जागी दोन शब्द, त्यांचा अर्थ काहीही होऊ शकला असता. सुधीरच्या फोनवर पुढे लिहिलं होतं की आपल्या दोघांची सोय आज दुपारच्या नाशिकच्या विमानात केली आहे. माझ्या फोनवर लिहिलं होतं की आपली सोय उद्या सकाळच्या शिर्डीच्या विमानात केली आहे.

काउंटरवरच्या मुलीला मी आधी शांतपणे सांगितलं, आम्ही एक कुटुंब आहोत. ती म्हणाली, "मॅम, पीएनआर अलग है." मी म्हटलं, नवरा एकच आहे. तिनं पुन्हा पडद्यावर पाहिलं. नाशिकच्या विमानात आता एकही जागा नव्हती. मग मी जरा आवाज चढवून सांगितलं की या दोघांनी कमी पैसे भरले, मी जास्त भरले. जास्त भरणारा मागे आणि कमी भरणारा पुढे, हा कुठला धंदा?

"मॅम, ये सिस्टिम ने किया है."

"तो सिस्टिम को बुलाइए."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. सुधीर माझ्या कोपराला हळूच हात लावत होता. त्यानं विचारून पाहिलं की त्याच्या जागी मला पाठवता येईल का. तिकिटावरचं नाव बदलता येत नाही, असं उत्तर आलं. मग मी माझा शेवटचा उपाय केला. माझा आकडा सांगितला, म्हणजे आजच्या आज कुठल्याही मार्गानं नाशिक किंवा शिर्डी, आणि पाठ फिरवली. पर्स खांद्यावर घेतली आणि हळूहळू चालायला लागले. मागून आवाज आला, "नेक्स्ट."

आम्ही एका खांबाशी उभे राहिलो. मुक्ता म्हणाली ती थांबते, बाबांनी एकट्यानं जावं. सुधीर म्हणाला, मग मीही थांबतो, उद्या सगळे जाऊ. मला डोळ्यांसमोर आई दिसत होती, पाण्यात हात घालून गहू दाबून बघणारी. तिसरा दिवस. आज वाटण, उद्या पहाटे हाटणं. कोणी गेलं नाही तर तो मोठा दांडा ती त्याच खांद्यानं एकटी फिरवणार, कारण टाकून द्यायची बाई ती नाही.

मी मुक्ताला म्हटलं, "तू जा. आजीला मदत कर."

"मम्मा, मला चीक म्हणजे काय तेही ठीक से माहीत नाही यार."

"आजी सांगेल तसं कर."

"और तुम? तू तर त्याच्यासाठीच चालली होतीस ना."

मुक्ता पंधरा वर्षांची आहे, दिल्लीत वाढली, निम्मे मराठी शब्द तिला सापडत नाहीत. त्या मुलीला माझ्या जागेवर पाठवून मी खांबाशी उभी होते. ती दोघं सुरक्षा तपासणीकडे गेली. तिनं वळून हात केला.

तिथून मी घरी जायला हवं होतं. पण रागाच्या भरात लक्ष्मीबाई नगरपर्यंतच्या टॅक्सीला पैसे देणं जिवावर आलं, म्हणून बाकावर बसले. शेजारी एक कुटुंब होतं, माझ्यासारखंच अडकलेलं. आरिफ शेख मूळचे पुण्याचे, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. बायको नसरीन, दोन मुलं आणि आरिफ यांच्या आई, अम्मी. सुट्टीत अम्मींच्या माहेरी संगमनेरला निघाले होते. मी माझी कर्मकथा सांगितली तेव्हा आरिफ म्हणाले, "आम्ही पाच जणांचं एकच तिकीट काढलं होतं. पाचही जण उद्याच्या विमानात."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. सुधीरला लगेच कळवलं. एकत्र काढणारेही इथेच बसले आहेत. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला.

अम्मींनी विचारलं, "जेवलीस का गं?" संगमनेरची ठसठशीत मराठी, माझी आत्याच बोलल्यासारखी. जेवले नव्हते. माझ्याकडे दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, कैरीचा तक्कू होता. विमानात दोन तास बसायचं, त्यासाठी एवढं कशाला, असं मुक्ता दर वेळी म्हणते. मी रेल्वेच्या काळातली आहे. माझ्या हातून डबा भरल्याशिवाय कुलूप लागत नाही.

आईसाठी घेतलेली पानिपतची नवी चादर मी बॅगेतून काढली आणि खांबाच्या आडोशाला पसरली. नसरीननं अंड्याची भुर्जी आणि पोळ्या काढल्या, अम्मींनी स्टीलच्या गोल डब्यातला मलीदा. मुलं मांडी घालून बसली. एक गार्ड आला आणि म्हणाला, इथे असं बसता येत नाही. त्याच्याशी मात्र माझा भाव जमला. डबे संपेपर्यंत. त्या दिवसातला तेवढाच एक सौदा.

जेवता जेवता अम्मी म्हणाल्या की पूर्वी आम्ही रेल्वेनं जायचो. मग काय, आमच्या दोघींचं सुरूच झालं. निजामुद्दीनहून गाडी सुटली की पहिल्या तासात शेजारच्यांची नावं कळायची, दुसऱ्या तासात डबे उघडायचे. आग्र्याला पेठा, पण तो खिडकीतून घ्यायचा नाही, खाली उतरून निवडून घ्यायचा. भोपाळला रात्रीचं पाणी भरून घ्यायचं. झोपेत इटारसी, खंडवा जायचं. भुसावळला केळी आली की महाराष्ट्र आला, आणि केळीवाल्याशी हिंदीत सुरू केलेलं भांडण मी मराठीत संपवायची. गाडी हलायला लागली की तोच पळत यायचा, घ्या ताई, तुमच्या भावात घ्या. मनमाडला उतरताना मुक्ताच्या हातात कुणातरी शेजाऱ्यानं दिलेला खाऊ असायचा. तिकीट तेव्हाही मी एकटीनंच काढलेलं असे आणि जागा कधी कधी लांब लांब मिळत. पण मग डब्यातल्या लोकांशी बोलून, एकाला खिडकी देऊन, दुसऱ्याला खालची जागा देऊन, झाशी यायच्या आत आम्ही तिघं एकत्र बसलेलो असू. माणसांशी बोलता येत होतं, हा मुद्दा आहे.

नसरीन म्हणाली, आता एवढ्या लांब गाडीनं जाणं नको वाटतं. आणि खरं सांगायचं तर मलाही रजा नसते, दुकान असतं. तरी अम्मींनी शेवटची दशमी माझ्या आणि स्वतःच्या मध्ये मोडली तेव्हा मला त्या खांबाशी खिडकी हवी होती, बाहेर चंबळच्या घळी हव्या होत्या.

घरी गेले. फ्रिज रिकामा, दूधवाल्याला नको म्हणून सांगितलेलं. नाशिकला उतरल्याचा निरोप आला, मग येवल्याला पोचल्याचा.

काकडी ते येवला

सकाळी विमानात चढायच्या आधी मुक्तानं फोटो पाठवला. आईच्या गच्चीवर उकिडवी बसलेली, केस वर बांधलेले, कपाळ घामानं भिजलेलं, दोन्ही हातांत सोऱ्या. खाली पांढऱ्या कापडावर कुरडयांच्या रांगा. फोटोखाली लिहिलं होतं, "आजी म्हणते माझा हात हल्का आहे."

मी फोन बंद करून ठेवला. हवाई सुंदरीनं पाणी विचारलं तेव्हा नको म्हटलं. खिडकीची जागा मी जास्तीचे पैसे देऊन घेतलेली नव्हती, त्यामुळे बघायलाही काही नव्हतं. माझं सगळं लहानपण तिकडे गच्चीवर वाळत पडलं होतं आणि ते माझ्याच मुलीनं घातलं होतं. तिचं कौतुक वाटायला हवं होतं. ते वाटायला मला बराच वेळ लागला.

शिर्डीचं विमानतळ काकडी गावाच्या माळावर आहे. दारातून बाहेर पडलं की ऊन असं अंगावर येतं की दिल्लीचं ऊन विसरावं. आरिफ यांच्या कुटुंबाला न्यायला जीप आली होती. अम्मींनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग मी टॅक्सीवाल्यांकडे वळले. एकानं येवल्याचा असा काही भाव सांगितला की मला हसू आलं. मी माझा सांगितला. तो म्हणाला, परवडत नाही ताई, सीझन आहे. मी बॅग उचलली आणि पाठ फिरवली.

डांबरी रस्त्यावर उन्हात, बॅगेची चाकं खडखडत, मी हळूहळू चालत होते. वळून बघायचं नव्हतं. मागून हाक आली.

"ओ ताई, या. बसा."

डोळ्यांत पाणी आलं. उन्हानंही असेल. ड्रायव्हर कोपरगावचा होता. बोलका. गोदावरीचा पूल आला तेव्हा त्यानं गाडी आपणहून हळू केली. नदीत पाणी थोडं, वाळू जास्त. दोन्हीकडे ऊस, मग ऊस संपून मोकळी रानं आणि लांबलचक कांद्याच्या चाळी. खिडकी उघडली की कांद्याचा वास आत यायचा. पश्चिमेला ढगाचा एक पुंजका होता. मी त्याला विचारलं, वळीव येईल का. तो म्हणाला, आज नाही. मी म्हटलं, उद्या? तो म्हणाला, ताई, आता त्याचाही भाव करता का.

गच्ची

आईचं घर साधं आहे, दोन खोल्या आणि वर सिमेंटची गच्ची. जिना चढून वर गेले तर मुक्ता डोक्यावर आजीचा पंचा टाकून, हातात काठी घेऊन बसलेली. कावळे कठड्यावर. मी वाकून एका कुरडईला बोट लावायला गेले.

"मम्मा, हात नको लावूस. ओल्या आहेत. टूट जाएगी."

आई छत्रीखाली बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलीस." मी तिच्याशेजारी बसले. माझ्या तोंडून निघालं, "झालं ना सगळं. माझ्याशिवाय झालं."

आईनं मुक्ताकडे पाहिलं. मुक्ता ओठ दाबून हसू आवरत होती. सुधीर जिन्यात उभा होता, तोही.

"खाली चल," आई म्हणाली.

मागच्या पडवीत, जिथे सगळ्यात गार असतं तिथे, पाटावर एक मोठं पातेलं होतं, वर ओलं फडकं. आईनं फडकं उचललं. आत पाणी आणि पाण्याखाली चीक, नुकताच बसायला लागलेला.

मला काही कळेना. आई म्हणाली, "निम्मे गहू मी एक दिवस मागून घातले होते. आजच वाटले. हा उद्या पहाटे हाटायचा."

"पण गहू घातलेस तेव्हा विमान कुठे रद्द झालं होतं? तुला कसं कळलं?"

"मला काय कळतंय विमानातलं. तू म्हणालीस तिकिटं दोन. मग मी पातेली दोन लावली." ती फडकं पुन्हा नीट बसवत होती. "तू काही वाचवलंस म्हणून सांगितलंस की मी काहीतरी जास्तीचं धरूनच ठेवते. आजचं आहे का हे? तू बाजारातून स्वस्तातले टोमॅटो आणायचीस, मी चिंच भिजत घालून ठेवायचे."

त्या टोमॅटोंमध्ये काही वाईट नसायचं, हे माझं मत आजही कायम आहे.

पहाटे उठलो. आईनं निवळी ओतून टाकली, चीक मापून घेतला, तेवढंच पाणी उकळत ठेवलं, मीठ, हिंग. मग तो जुना दांडा माझ्या हातात दिला. ती चीक ओतत होती, मी हाटत होते. सुरुवातीला दुधासारखं, मग एकदम जड. पातेलं धरायला मुक्ता.

"भांडू नकोस त्याच्याशी," आई म्हणाली.

"मम्मा, उससे लडो मत," मुक्तानं लगेच तेच सांगितलं. एक दिवसाची मोठी ती माझ्यापेक्षा.

मी जोर लावला तिथे गाठ झाली. ती फोडायला गेले तर दुसरी झाली. घाम डोळ्यांत जात होता. आईनं दोनदा माझ्या मनगटावर हात ठेवून वेग कमी केला. चीक शिजून पारदर्शक झाला, चकाकायला लागला, पण गाठी त्यात स्पष्ट दिसत होत्या. मी विचारलं, आत्ताच विचारायला हवं होतं म्हणून, "म्हणून मला कधी हाटू दिलं नाहीस का?"

आई म्हणाली, "तुझा हात जड आहे, ते आहेच. पण मंगलला बाजारात कुणीही गंडवायचं. तुझ्या बाबांच्या पगारात हिंग कुणी आणलं असतं?"

एवढंच म्हणून तिनं वाटीत गरम चीक काढला, वर तूप आणि साखर, आणि पहिली वाटी माझ्या हातात दिली. जीभ भाजली. मी फुंकर न मारता खाल्ला.

मग सोऱ्या. गाठ आली की सोऱ्याचं भोक अडायचं आणि कुरडई अर्ध्यात तुटायची. माझ्या रांगा मुक्ताच्या रांगांशेजारी पडल्या. सुधीर म्हणाला, ओळखू येतात. आईनं त्याला गप्प केलं. वळीव आला नाही, टॅक्सीवाला खरा निघाला.

निघताना

पुढचे दिवस लोळण्यात आणि खाण्यात गेले. आंब्याचा रस, कुरडईची भाजी, मागच्या अंगणात दुपारची झोप. मंगलताईला व्हिडिओवर माझ्या कुरडया दाखवल्या. ती हसून हसून गुडघा धरून बसली. मुक्ता आजीकडून "निवळी" आणि "फडकं" हे शब्द घेऊन आली आणि आता दिल्लीत मैत्रिणींशी बोलतानाही वापरते. परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, तेही अर्थात दोन भागांत. विमान कंपनीकडे नुकसानभरपाईचं माझं प्रकरण अजून सुरू आहे. ते मला कूपन देऊ म्हणतात. कूपन मी घेणार नाही.

निघायच्या दिवशी आईनं दोन डबे बांधले, मुक्ताच्या कुरडयांचा एक आणि माझ्या कुरडयांचा एक. माझा वर ठेवला. टॅक्सी दारात उभी होती, तोच कोपरगावचा ड्रायव्हर. आई म्हणाली, "सोऱ्या घेऊन जा. इथे आता कोण वापरणार?"

"सोऱ्या इथेच राहू दे," मी म्हटलं. "मी अजून पाच वर्षं येणार आहे."

"खुळी आहेस. हे शेवटचं, मी फोनवरच सांगितलं होतं."

"तीन वर्षं. हाटायचं मी, तू नुसतं बघायचं."

"तुझ्या त्या गाठी बघू? नाही होत आता माझ्यानं. खांदा बघ." तिनं हात वर करून दाखवला. तो खरंच खांद्याच्या वर जात नव्हता. सुधीर आणि मुक्ता गाडीत बसून आमच्याकडे बघत होते.

"मग राहू दे," मी म्हटलं. वाकून नमस्कार केला, पदर सावरला आणि पाठ फिरवली.

अंगण छोटं आहे. तुळस, मग नळ, मग फाटक. मी हळूहळू चालले. नळापाशी पोचले तरी मागून आवाज नाही. ही युक्ती जिनं मला शिकवली तिच्यावरच मी ती करत होते, हे मला कळत होतं, आणि तिलाही. फाटकाची कडी काढली. गाडीतून मुक्ता माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही समजत नव्हतं. कडी परत लावून घेण्याइतका वेळ मी बाहेर उभी राहिले.

"ए," आईची हाक आली.

मी वळले नाही.

"बरं, एक वर्ष. पण तिकीट तिघांचं एकच काढ."

"किती पडतं ते बघते," मी म्हटलं, आणि मग वळले.